इस्तंबूल: पहिला दिवस वाया गेला का?

कडीपत्ता
मंडळी, हॉटेलच्या खोलीतून लिहितेय. शेजारी आई घोरतेय. इस्तंबुलातला पहिला दिवस संपला आणि तो वाया गेला की नाही हे मला ठरवता येत नाहीये, म्हणून धागा काढला.

आम्ही दोघीच आलोय, मी आणि आई. आईचं वय ६९. गुडघे तिचे, तक्रार माझ्याकडे. हातात एकूण तीन दिवस. मी महिनाभर खपून तक्ता केला होता: सकाळी तोपकापी राजवाडा, मग आयासोफ्या (आधी चर्च, आता मशीद), निळी मशीद, जमिनीखालचं पाण्याचं टाकं, संध्याकाळी ग्रँड बझार, शेवटी बॉस्फरसची, म्हणजे युरोप-आशियामधल्या सामुद्रधुनीची, बोट.

प्रत्यक्षात काय झालं ते ऐका. तोपकापीच्या दारात पोचलो तर कुलूप. मंगळवारी बंद असतो म्हणे. महिनाभर तक्ता केला आणि वार बघितला नाही! तिथून आयासोफ्या. रांगेत सव्वा तास. माणशी २५ युरो, म्हणजे दोघींचे जवळजवळ पाच हजार रुपये, आणि पर्यटकांना फक्त वरच्या सज्जात सोडतात. त्यात घुमटाखाली परांची बांधलेली. निळ्या मशिदीपाशी गेलो तर नमाजाची वेळ, म्हणून बाहेर बाकावर ताटकळलो. मधेच एका बूटपॉलिशवाल्याच्या खोक्यातून ब्रश पडला. मी भली बाई, उचलून दिला. त्याने उपकाराची फेड म्हणून माझे बूट पुसायला घेतले आणि मग पैसे मागितले. माझे बूट कॅनव्हासचे आहेत!

बॉस्फरसच्या सहलीसाठी एमिनोनूच्या धक्क्यावर गेलो तर चुकीच्या बोटीत चढलो. ती सहलीची नव्हती, नोकरदार माणसांना घेऊन उस्कुदारला जाणारी साधी फेरी निघाली. पंधरा-वीस मिनिटांत आम्ही चक्क आशिया खंडात.

तक्त्यातल्या सहांपैकी दीड गोष्ट झाली. तरी आई झोपताना म्हणाली, "आज मजा आली गं." तुम्ही पहिल्या दिवशी काय करता? यादी उरकता की भटकता? आणि उद्या आम्ही काय करावं?

पोहेवाला
कॅनव्हासला पॉलिश! वारलो. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

फिरस्ता७३
दिवस अजिबात वाया गेला नाही, पण चुका तुमच्याच आहेत, स्पष्ट बोलतो. परदेशी शहराचा पहिला नियम म्हणजे सुट्टीचा वार आधी बघणे. इस्तंबुलात तोपकापी मंगळवारी बंद, दोल्माबाहचे राजवाडा सोमवारी बंद, ग्रँड बझार रविवारी बंद. शुक्रवारी दुपारच्या नमाजामुळे मशिदींचं वेळापत्रक वेगळं. मी ३१ देश फिरलो, प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी सकाळी आठला सगळ्यात मोठ्या ठिकाणाच्या दारात हजर असतो. दहानंतर बसगाड्या भरभरून माणसं येतात.

तिरकस
काका, ३१ देश झाले हे आम्हाला प्रत्येक धाग्यावर कळतं. फक्त देशांची नावं कधी कळत नाहीत. (हलके घ्या.)

रानजाई
मी उलट सांगेन. पहिल्या दिवशी तिकीट लागणाऱ्या कुठल्याही ठिकाणी जायचंच नाही. रात्रभराचा विमानप्रवास, डोळ्यांत झोप, आणि त्यात दीड हजार वर्षांचा इतिहास. डोक्यात काय शिरणार? मी गेले तेव्हा पहिल्या दिवशी फक्त जुनं घोडामैदान पाहिलं. हिप्पोड्रोम. फुकट आहे, उघडं आहे, बसायला बाकं आहेत. कडीपत्ता, तुम्ही नमाज संपायची वाट बघत बसलात तो बाक बहुतेक तिथलाच. समोर उंच दगडी खांब होता का, चित्रलिपीचा?

कडीपत्ता
हो होता! आई म्हणाली, आता हा दीपमाळेसारखा कशाला उभा केलाय. मला वाटलं नंतर कधीतरी केलेली नक्कल असेल. इतका गुळगुळीत आहे.

बखरनवीस
नक्कल नाही हो. शहरात उघड्यावर उभ्या असलेल्या गोष्टींत त्याच्याइतकं जुनं क्वचितच काही असेल, आणि तो तिथला नाहीच. इजिप्तच्या फॅरो तिसऱ्या थुतमोसचा ओबेलिस्क, वय सुमारे ३,४०० वर्षं. रोमन सम्राट थिओडोशियसने इ.स. ३९० मध्ये तो इथे उभा केला. खालचा संगमरवरी चौथरा नीट पाहिला का? त्यावर सम्राट सहकुटुंब रथांच्या शर्यती बघत बसलाय आणि विजेत्याला घालायची माळ हातात धरलीय. शेजारी पिळाचा कांस्याचा खांब दिसतो तो नागांचा. इराण्यांवरच्या विजयानंतर ग्रीकांनी इ.स.पू. ४७९ च्या सुमारास डेल्फीला वाहिलेला. वरची तोंडं तुटली, त्यातलं एक जवळच्याच पुरातत्त्व संग्रहालयात आहे. हे दोन्ही खांब खड्ड्यात उभे दिसतात, कारण आजूबाजूची जमीन शतकानुशतकं भरत वर आली. शर्यतींची जुनी जमीन त्या खड्ड्याच्या तळाशी.

आणि याच मैदानात ५३२ सालच्या जानेवारीत दंगल पेटली. रथांच्या शर्यतीतले निळे आणि हिरवे गट, एरवी एकमेकांचे वैरी, सम्राट जस्टिनियनविरुद्ध एक झाले. 'निका, निका' म्हणजे 'जिंका' अशा आरोळ्या. तेव्हाच्या इतिहासकाराने मेलेल्यांचा आकडा तीस हजार दिलाय. त्या आगीत जुनं चर्च जळालं आणि दीड महिन्याच्या आतच जस्टिनियनने नव्याचं काम काढलं. ते नवं म्हणजे तुम्ही सव्वा तास रांग लावलीत ते आयासोफ्या. ५३७ मध्ये पूर्ण. पाच वर्षं फक्त.

शून्य_पगार
पाच वर्षं! आमच्या नाक्यावरचा उड्डाणपूल सातव्या वर्षात आहे.

पोहेवाला
पण तुमचा पूल पडला तर नाही ना अजून? आयासोफ्याचा घुमट पडला होता असं वाचलंय.

बखरनवीस
बरोबर. ५५८ मध्ये भूकंपांनी खिळखिळा होऊन कोसळला. दुसऱ्यांदा बांधताना जरा उंच आणि उभट केला, म्हणजे भिंतींना बाहेर ढकलणारा जोर कमी होतो. ५६२ ला पुन्हा उभा. त्यानंतरही काही भाग पडले, दुरुस्त झाले. व्यास साधारण ३१ मीटर, उंची ५५ मीटर. तो प्रदेशच भूकंपाचा, तेव्हा परांची दिसली तर चिडू नका. दुरुस्ती होतेय म्हणून तो अजून आहे.

सखूबाई_लंडनकर
कडीपत्ता, सज्जातच सोडतात म्हणून हळहळू नका. खरा माल सज्जातच आहे! दक्षिणेकडच्या बाजूला 'डीसिस'ची मोझेक पाहिलीत का? मधे येशू, एका बाजूला मरियम, दुसरीकडे योहान. खालचा अर्धाअधिक भाग गळून गेलाय पण चेहरे असे की मी तिथून हलेना, शेवटी नवरा एकटाच पुढे गेला. आणि तिथल्याच संगमरवरी कठड्यावर एका व्हायकिंगने रूनी लिपीत स्वतःचं नाव खरवडलंय, 'हाफदान'. नवव्या शतकातलं मानतात. उत्तरेकडचे हे लोक पुढे सम्राटाचे अंगरक्षक म्हणून नोकरीला असत. चर्चमधली प्रार्थना लांबली असणार, कंटाळला असणार, काढला चाकू.

तिरकस
म्हणजे सिंहगडावर बदाम काढून नावं कोरणाऱ्यांचा मूळपुरुष सापडला.

कडीपत्ता
अरे देवा. डीसिस पाहिली, आईने हातही जोडले. हाफदान मात्र सुटला. त्या कठड्याला टेकूनच आम्ही खजूर खाल्ला असणार.

सखूबाई_लंडनकर
आणखी एक. त्याच सज्जात जमिनीत 'एन्रिको दांदोलो' असं नाव कोरलेला दगड आहे. व्हेनिसचा हा आंधळा म्हातारा डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, १२०४ मध्ये क्रुसेडवाल्यांना (धर्मयुद्धाला निघालेल्या फौजेला) घेऊन आला आणि या शहराची लूट केली. लुटणारेही ख्रिस्ती, लुटले गेलेलेही ख्रिस्ती. इथल्या घोडामैदानावरचे कांस्याचे चार घोडे तेव्हाच व्हेनिसला गेले. तिथे सेंट मार्कच्या चर्चमध्ये जाऊन लोक कौतुकाने फोटो काढतात.

गोदाकाठ
म्हणून म्हणतो, ते संग्रहालयच राहायला हवं होतं. १९३४ ला अतातुर्कच्या (केमाल पाशाच्या) सरकारने निर्णय घेतला, १९३५ पासून सगळ्यांसाठी उघडं. २०२० मध्ये पुन्हा मशीद. जगाच्या वारशाचं असं करायचं का?

डॉ_खवचट
नऊशे वर्षं चर्च, पावणेपाचशे वर्षं मशीद, पंच्याऐंशी वर्षं संग्रहालय. मूळ मालक शोधायला गेलात तर जस्टिनियनच्या आधीच्या जळक्या चर्चपर्यंत जावं लागेल. बाहेरून आलेल्यांना वर आणि नमाजींना खाली, ही व्यवस्था मला तरी चालली. फक्त २५ युरो नाही चालले.

गोदाकाठ
पैशांचा प्रश्न नाहीये डॉक्टर. उद्या आपल्याकडे...

जय_भवानी_२
मुळात त्या देशात जायचंच कशाला? आपल्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांना आपले युरो?

कडीपत्ता
तिकिटं आधीची होती, पैसे परत मिळत नव्हते. आईचं बॉस्फरस बघायचं स्वप्न त्याच्याही आधीचं. एवढंच सांगते, यावर पुढे वाद घालणार नाही.

संपादक
मंडळी, हा प्रवासाचा धागा आहे. राजकारणासाठी वेगळा धागा काढावा. विषयांतर करणारे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

पोहेवाला
पॉपकॉर्न परत डब्यात.

रानजाई
मुद्द्यावर येऊ. काकू शाकाहारी आहेत का? जेवणाचं काय केलंत?

कडीपत्ता
शाकाहारी, आणि कडक. बॅगेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा आहे. दुपारी एका दुकानात पालकाचा म्हणून बोरेक (सारण भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ) मागितला, आईने तोंडाजवळ नेला आणि वासावरून ओळखलं. खिमा! नशीब. मग उरलेला दिवस आम्ही सिमितवर काढला, तो तीळ लावलेला गोल पाव. आई त्याला 'बांगडी' म्हणते. चहावरही ती नाराज आहे. "एवढुशा पेल्यात बिनदुधाचा? आजारी माणसाला देतात तसा?"

सखूबाई_लंडनकर
खिम्यावर सोपा उपाय आहे. तुर्कीतही खिम्याला 'कियमा' म्हणतात, शब्द आपलाच निघतो. पाटीवर 'कियमाली' दिसलं की लांब राहा. 'पेनिरली' म्हणजे पनीर, चीजचा. 'पातातेसली' बटाट्याचा. 'इस्पानाकली' पालकाचा. 'एतसिझ' म्हणजे मांसाविना. मसुराचं सूप, 'मेर्जिमेक', सगळीकडे मिळतं, काकूंना आमटी पिल्यासारखं वाटेल, पण काही ठिकाणी हाडांच्या पाण्यात करतात, विचारून घ्या. तव्यावर लाटून भाजलेली 'गोझ्लेमे' मागा, आपल्या पराठ्याची चुलत बहीण. भात मात्र जपून, कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो.

बखरनवीस
शब्दांचं निघालंच आहे तर अवांतर. जेवण झाल्यावर 'हेसाप' मागायचा. म्हणजे आपला हिशेब. 'देफ्तेर' म्हणजे वही, आपलं दप्तर. 'तारिह' म्हणजे तारीखही आणि इतिहासही. 'हाझिर' म्हणजे तयार. साबण 'साबुन', मैदान 'मेयदान', दुकान 'दुक्कान'. यांतले बरेच शब्द अरबी-फारसीचे, दोघांकडे वेगवेगळ्या वाटांनी आलेले. पण तोफ मात्र तुर्कांचीच, 'तोप'. आणि 'कापी' म्हणजे दरवाजा. तोपकापी म्हणजे तोफेचा दरवाजा. त्या नावाच्या राजवाड्यासमोर तुम्ही मंगळवारी उभ्या होतात.

डॉ_खवचट
तोफही डागली असती तरी उघडला नसता.

बखरनवीस
आणि हे दूरचं नातं नाही बरं. विजापूरच्या बुरुजावरची मुलूख मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली, निजामशाहीसाठी. ओतणारा कोण? रूमी खान. रूमी म्हणजे 'रूम'चा, तुर्कस्तानातून आलेला. त्या मुलखाला रूम नाव पडलं कारण कॉन्स्टँटिनोपलचे लोक शेवटपर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत.

शून्य_पगार
वा! मला शाळेतलं एकच वाक्य पाठ आहे. "१४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, त्यामुळे भारताकडे जाणारा खुश्कीचा मार्ग बंद झाला आणि युरोपीयांनी सागरी मार्ग शोधला." दोन मार्क पक्के.

गोदाकाठ
दोन मार्क मिळाले तरी ते अर्धसत्यच. पोर्तुगीज आफ्रिकेचा किनारा चाचपत होते ते १४५३ च्या आधीपासून. आणि व्हेनिसचे व्यापारी नंतरही अलेक्झांड्रियातून मसाले उचलतच होते. 'मार्ग बंद' म्हणजे नाक्यावर आडवा बांबू टाकला असं काही झालं नाही.

बखरनवीस
सहमत, चक्क तुमच्याशी. पण जिंकलं ते कसं, ते पाहण्यासारखं आहे. बंदराच्या खाडीला, म्हणजे गोल्डन हॉर्नला, तोंडावर लोखंडी साखळी लावलेली. सुलतान महमद, वय २१, त्याने खाडीपलीकडच्या गलाता वस्तीच्या मागच्या टेकाडावरून चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून जहाजं ओढत नेली आणि साखळीच्या आत सोडली. कडीपत्ता, एमिनोनूच्या धक्क्यावर बोटीत चढताना डावीकडे जे पाणी दिसलं तेच हे.

कडीपत्ता
डावीकडे मी पाहिलंच नाही. मी बोटीवरची पाटी वाचत होते आणि तरी चुकले.

फिरस्ता७३
हेच म्हणतो. अभ्यास करून जावं.

रानजाई
काका, अभ्यास करूनच गेल्या होत्या की त्या, तक्ता होता! मला तरी चुकीची बोट हा दिवसातला सगळ्यात बरोबर निर्णय वाटतो. सहलीच्या बोटीवर भोंग्यातून चार भाषांत माहिती ऐकवतात. साध्या फेरीवर शेजारी भाजीची पिशवी घेतलेली बाई असते, पोरं सिमितचे तुकडे हवेत उडवतात आणि सीगल पक्षी ते वरच्यावर झेलतात. मागे वळून बघितलं की आयासोफ्या, निळी मशीद, तोपकापीची झाडी, सगळं एका रेषेत. जमिनीवर उभं राहून ती रेषा कधीच दिसत नाही. शहर वसवणारे पाण्यावरून आले होते, ते पाण्यावरूनच नीट कळतं.

कडीपत्ता
हे अगदी असंच झालं. मी चुकल्याच्या वैतागात प्रवासाच्या कार्डातले पैसे मोजत होते आणि आई एकदम म्हणाली, "अगं, मागे बघ." सूर्य त्या मिनारांच्या मागे उतरत होता. मी फोटो काढायचा विसरले. उस्कुदारला उतरल्यावर धक्क्यासमोरच एक जुनी मशीद आहे. आईने पदर डोक्यावर घेतला आणि अर्धा तास आत शांत बसली. कुणी तिकीट मागितलं नाही, कुणी हटकलं नाही. एक मांजर येऊन तिच्या पायाशी वेटोळं करून बसलं.

बखरनवीस
धक्क्यासमोरची म्हणजे मिहरिमाह सुलतानची. सुलतान सुलेमानच्या लेकीसाठी वास्तुकार सिनानने १५४८ च्या सुमारास बांधली. आणि उस्कुदार म्हणजे इंग्रजांचं 'स्कुटारी'. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ ला, नाइटिंगेलबाई जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला आल्या त्या तिथल्याच बराकींत. दिवा घेतलेली बाई, चौथीच्या पुस्तकातली.

तिरकस
कुणी इस्तंबूल लिहितंय, कुणी इस्तंबुलात. आधी ऱ्हस्व-दीर्घ ठरवा, मग पर्यटन करा.

डॉ_खवचट
सामान्यरूप होताना उपान्त्य दीर्घ ऱ्हस्व होतो. फूल, फुलात. बसा खाली.

अण्णा_चिपळूणकर
बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो. मूळ प्रश्न पहिल्या दिवसाचा होता. मी १९९८ मध्ये जहाजावर नोकरीला असताना बॉस्फरसमधून कितीतरी वेळा गेलो. शहर डेकवरून पाहिलं, पाय लावायला मिळाला तो चौथ्या वर्षी, आणि तोही सात तास. सात तासांत मी एकही तिकीट काढलं नाही. गलाता पुलावर गेलो. तिथे कठड्याला लागून माणसं गळ टाकून उभी असतात, दिवसभर. एका म्हाताऱ्याशेजारी उभा राहिलो. भाषा येत नव्हती. मी चिपळूणचा, मला मासा येत होता. त्याच्या बादलीतले मासे मी बोटाने दाखवून विचारत राहिलो, तो नावं सांगत राहिला. 'नाही' म्हणताना तो भुवया उडवून 'च्च' करायचा, अगदी आमच्या आजीसारखं. नंतर त्याने थर्मासमधला चहा दिला. आयासोफ्या मी अजून आतून पाहिलेलं नाही. खंत आहे का? थोडी आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या म्हाताऱ्याला सोडून रांगेत गेलो असतो तर जास्त असती.

पोहेवाला
अण्णा, दंडवत. वेगळा धागा काढा.

रानजाई
+१

सखूबाई_लंडनकर
कडीपत्ता, उद्यासाठी: बुधवार आहे, तोपकापी उघडा. दार उघडायच्या वेळी जा, आणि हारेमचा (जनानखान्याचा) भाग आधी करा, गर्दी नंतर वाढते. पाण्याच्या टाक्यात काकूंना पायऱ्या उतराव्या लागतील पण आत थंडगार आहे. ३३६ खांब, जुन्या इमारतींतून आणलेले, आणि कोपऱ्यात ग्रीक कथेतल्या मेदुसाची दोन मुंडकी खांबाखाली दिलेली, एक आडवं, एक उलटं. निळी मशीद संध्याकाळी बघा. गर्दी नको असेल तर ती सोडून सुलेमानिये बघा. सिनानचीच, टेकडीवर, १५५७ मध्ये पूर्ण झालेली. अंगणातून खाडी दिसते आणि सिनानची कबरही तिथेच कोपऱ्यावर आहे.

फिरस्ता७३
चांगली यादी. फक्त एका दिवसात तीन ठिकाणं ६९ व्या वर्षी होणार नाहीत. माझी ही सोबत असते तेव्हा मी दोनच करतो. (तिरकस यांच्या माहितीसाठी: ३१ पैकी ९ देश ती नसताना झाले, आणि त्यांतलं मला फारसं आठवत नाही.)

तिरकस
काका, पहिल्यांदाच निरुत्तर.

कडीपत्ता
बुधवार रात्रीचा हजेरीपट. तोपकापी झाला, दारात साडेआठला हजर होतो, काकांना नमस्कार. ८६ कॅरटचा तो प्रसिद्ध 'चमचेवाल्याचा हिरा' पाहून आई म्हणाली, "खरा असेल कशावरून?" राजवाड्याची स्वयंपाकघरं मात्र तिने तासभर पाहिली. एवढाल्या कढया कोण घासत असेल याची तिला काळजी.

दुपारी सुलेमानियेला बसलो. टाकं, निळी मशीद, ग्रँड बझार राहिले. उद्याच्या तक्त्यात घालू का विचारलं तर आई म्हणाली, "ते तुझं तू बघ. मला त्या भाजीवाल्यांच्या बोटीत परत बसायचंय." आज संध्याकाळी काडिकोयला गेलो, म्हणजे परत आशियात, या खेपेस मुद्दाम. मी डावीकडे बघितलं. आईने बिनदुधाचा चहा दोनदा घेतला. आणि यंत्रावर कार्डात पैसे कसे भरायचे ते तिने माझ्या नकळत शेजारच्या मुलीकडून शिकून घेतलंय. भाषा कुठली वापरली विचारू नका. मला ऐकू आलं ते "बाळा, हे कुठे दाबू?"

पोहेवाला
काकूंना आमच्याकडून एक सिमित.

शून्य_पगार
धाग्याबद्दल आभार. छापून घेतला. पुढच्या महिन्यात आमचंही जमलंय, तिकिटं काल काढली. पोचतोय मंगळवारी सकाळी.